त्याचे कारण त्यालाच सांगू द्या

आज सकाळी आमच्या धायरीच्या सोसायटीत स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन झाले. आमच्या गेटवर रखवालीचे काम करणारे काका सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि आज त्यांनी आपली पदके छातीवर लावली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी त्यांना पुढे बोलावले, माईक हातात दिला आणि सैन्यात जावेसे का वाटले, असे विचारले. काकांनी सरळ उत्तर दिले, "घरची परिस्थिती नव्हती. भरती निघाली, गेलो." ते आणखी काही बोलणार होते; पण तेवढ्यात गृहस्थांनी माईक परत घेतला आणि "मनात देशप्रेम तर होतेच!" असे म्हणून सर्वांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. माझ्या मागे उभ्या असलेल्या एकाने शेजाऱ्याला म्हटले, "म्हणजे नोकरीच की." हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलेले नाही.

माझे थोरले मामा माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बैलजोडी मिळेल त्या भावात विकली आणि घरातील सगळी मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाऊन त्या घराने ते वर्ष काढले. पुढच्या वर्षी, अठरा पूर्ण होताच, मामा मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. आम्ही भाचरे त्यांना कारण विचारायचो, तेव्हा ते एकच सांगायचे, "तिथं दोन टाइम पोटभर जेवाय मिळतं, एवढंच ठाऊक होतं." या उत्तराला त्यांनी कधी मुलामा दिला नाही, आणि त्यामुळे आमच्या घरात त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही.

हे पोट एकट्या मामांचे नव्हते, हे मागे उभे राहून शेरा मारणाऱ्यांना कोण सांगणार? बेळगावचे प्रशिक्षण संपल्यापासून दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर येत असे. त्या पैशांतून विहिरीचे काम पूर्ण झाले, धाकट्या मामांची शाळा झाली आणि माझ्या आईचे डी.एड. झाले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली म्हणून मी पुण्याला शिकायला येऊ शकलो. अठरा वर्षांचा एक मुलगा स्वतःच्या वाट्याची भाकरी घरात शिल्लक ठेवण्यासाठी आणि बहिणीच्या शिक्षणासाठी बंदूक हातात घेतो, यात उणे काय आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

ज्यांना शुद्ध कारणच हवे आहे, त्यांनी परमवीर चक्र मिळालेल्या रामा राघोबा राणे यांचा विचार करावा. ते १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, तेव्हा या देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि ज्या तिरंग्याला आपण आज वंदन केले तो राष्ट्रध्वज झालेला नव्हता. याच राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे, स्वतः जखमी असताना, शत्रूच्या माऱ्याखाली दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांनी १९४० साली कोणत्या कारणाने सही केली याचा १९४८ सालच्या त्या कामगिरीशी काय संबंध? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात मारले गेले. तेही परक्या सरकारच्या फौजेत होते. आज त्या गावासमोर उभे राहून "नोकरीच की" असे म्हणण्याची कोणाची छाती आहे का?

केवळ देशासाठी म्हणून सैन्यात जाणारी मुले-मुली असतात, हे मला मान्य आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत अशी मुले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे.

पण मामांची गोष्ट पोटापाशी संपत नाही, आणि काकांचीही संपत नसणार. त्यांच्या हातातून माईक काढून घेतला म्हणून ती आम्हाला कळली नाही, एवढेच. १९८७ साली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तेव्हा मामा हवालदार होते आणि त्यांची पलटण तिकडे होती. तिथे असतानाच त्यांची पेन्शनपुरती पंधरा वर्षे भरली. दुष्काळ मागे पडला होता, विहिरीला पाणी होते, आई नोकरीला लागली होती. म्हणजे ज्या कारणासाठी ते गेले होते ते कारणच उरले नव्हते. आजीने परत ये म्हणून पत्रे लिहून घेतली. मामा आले नाहीत. "सेक्शनमधली पोरं नवी हायत, ह्यांना वाट माहीत नाही," असे त्यांनी कळवले. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले. मोहीम योग्य होती की नव्हती, यावर दिल्लीत आणि चेन्नईत वाद होत राहिले. मामांना त्या वादात कोणी मत विचारले नाही आणि त्यांनीही दिले नाही. त्यांच्यासमोर दहाएक पोरे होती, सुरुंग पेरलेली वाट होती आणि पुढे कोणी चालायचे हा प्रश्न होता.

मला संताप याचा येतो की, आपल्याला जवानाचे कारण उदात्तच लागते, कारण ते आपल्याला स्वस्त पडते. तो केवळ प्रेमापोटी गेला असे एकदा ठरवले की त्याच्या कोरडवाहू रानाविषयी, निवृत्तीनंतर तो दिवसाचे बारा तास कोणाच्या गेटवर आणि किती पगारावर उभा राहतो याविषयी, काही विचारावे लागत नाही. याच शहरात, खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये, मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीला जखडलेले जवान राहतात. त्यांच्यापैकी कोण ध्येयाने गेला आणि कोण घरच्या कर्जापायी, हे जखमेने पाहिले नव्हते.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, हेही म्हणतो. त्यांना काकांचा मानच राखायचा होता. पण गावी जाताना पहाटे सातारा-दहिवडी रस्त्यावर मुले धावताना दिसतात, सोळाशे मीटरची तयारी करणारी. त्यांच्यापैकी जे अग्निवीर होतील, त्यांच्यातील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना चार वर्षांनंतर कायम ठेवले जाईल, बाकीचे घरी येतील. हे त्यांना माहीत आहे आणि तरी ती धावत आहेत. त्यांना उद्या कोणी कारण विचारले, तर घरची अडचण सांगताना त्यांची मान खाली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मित्रयादीत फौजी घरांतील बरेच जण आहेत. तुमच्या घरातील माणूस भरती का झाला आणि पुढे का टिकला, हे दोन्ही खाली लिहा. कर्ज असेल तर कर्ज लिहा, सावत्र आईचा जाच असेल तर तो लिहा, देशासाठी असेल तर तेही लिहा. मामांना आता दिसायला कमी येते. येत्या रविवारी गावी गेलो की मी त्यांना सगळे वाचून दाखवणार आहे.