चार बेल्ट बदलले, पण कारण काही एकानेही शोधलं नाही

मागच्या वर्षीच्या मार्चपासून यंदाच्या मेपर्यंत माझ्या गाडीचे चार बेल्ट तुटले. चार! इंजिनाच्या बाजूला पुल्यांवर फिरतो तो बेल्ट, ज्याला आपल्याकडे अजून सगळे फॅन बेल्टच म्हणतात. हा बेल्ट 60,000 ते 1,00,000 किलोमीटर सहज चालतो. पहिला 98,000 ला तुटला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याचं वय झालं होतं. पण त्याच्यानंतरचा सात हजारात गेला, त्याच्यानंतरचाही सात हजारात आणि चौथा तर साडेपाच हजारात. आणि दर वेळी गॅरेजमध्ये तेच एक वाक्य, "मॅडम, नवीन टाकून देतो, होऊन जाईन."

होऊन जाईन म्हणजे काय होऊन जाईल? तुमचं बिल होऊन जाईल. मी परत रस्त्यावर उभी.

मी बुटीबोरीत एका कंपनीत हिशेबाचं काम करते. नागपुरातल्या मानेवाड्याहून रोजचं जाणं-येणं. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर, वर मेट्रो, खाली रस्ता आणि मध्ये मी, तिथे पहिला बेल्ट तुटला. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, गरमीचा काटा वर चढायला लागला. माझ्या गाडीत डायनामो, एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप हे सगळं या एकाच बेल्टवर आहे. तो गेला की सगळंच गेलं. तीन किलोमीटरहून लांब तो पूल, कडेला थांबायला जागा नाही, मागून बसवाला हॉर्नवर हात ठेवून. तो दिवस मी विसरले असते. पण तो परत आला, आणि परत आला.

ऑगस्टमध्ये दुसरा तुटायच्या आधी महिनाभर सकाळी गाडी चालू केली की चीं चीं चीं आवाज. गाडी दाखवायला नेली. तिथल्या पोराने काय केलं, तर फिरत्या बेल्टवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. आवाज बंद झाला. "गेला न आवाज!" दोन मिनिटांनी परत सुरू. अरे बाबा, तुझ्या डोळ्यासमोर गाडीने उत्तर दिलं होतं! पाणी पडल्यावर आवाज थोडा वेळ थांबत असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि पाण्याने आवाज वाढत असेल तर बेल्ट ढिला पडून घसरतोय. ही या धंद्यातली पहिलीवहिली गोष्ट आहे. त्याने बरोबर तीच चाचणी केली, उत्तर पाहिलं आणि फडक्याला हात पुसून मला घरी पाठवलं.

जानेवारीत दुसरं गॅरेज. तिथे म्हणाले, बेल्ट लूज पडला म्हणून गेला, आता टाइट बसवतो. तो "टाइट" बेल्ट कसा बसवला हे मला नंतर कळलं. बेल्टच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. सहा पीके आणि पुढे चार आकडे, म्हणजे बेल्टवर सहा धारा आणि तितके मिलिमीटर लांबी. यांनी माझ्या गाडीच्या मापापेक्षा 15 मिलिमीटर लहान बेल्ट ओढूनताणून चढवला होता. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, पार एका टोकाला जाऊन बसला. त्या ताणाने डायनामोचं बेअरिंग खरखरायला लागलं आणि त्याचे पैसे वेगळे घेतले. चूक त्यांची, खर्च माझा. वर ऐकवलं, "मॅडम, हे इंजिनाचं काम आहे, तुम्हाला नाही समजणार. साहेबांना पाठवा." कोणता साहेब? गाडी माझी, हप्ते मी भरले, रस्त्यावर मी उभी राहते.

मे महिन्यात जामठ्याच्या पुढे चौथा गेला तेव्हा मागे आई बसली होती. वय 72. सेलूला लग्नाला निघालो होतो, दुपारचे साडेबारा, नवतपा सुरू, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रखरखीत दिवस. एसी गेला, काटा लालवर, गाडी बंद करावीच लागली. टोइंगची गाडी यायला दीड तास. आईने डोक्यावर ओला दुपट्टा घेतला आणि एका पानठेल्याच्या सावलीत खुर्चीवर बसून राहिली. ठेल्यावाल्याने माठातलं पाणी दिलं, त्याचे उपकार. आई एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याने माझा जीव जास्त जळला. 

आणि संध्याकाळी गॅरेजवाला काय म्हणतो? "ऊन पाहून राहिले न मॅडम, आपल्या इथं रबर टिकतच नाही."

इथे माझं डोकं फिरलं. 2013 च्या मेमध्ये याच नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. तेव्हा माझी जुनी गाडी याच रस्त्यावर रोज धावत होती, एका बेल्टवर पाच वर्षं चालली. इंजिनाजवळ तसंही बाहेरच्या दुप्पट गरम असतं, आणि आजकालच्या बेल्टचं रबर तिथेच राहायला बनवलेलं असतं. उन्हाने बेल्ट तुटत असते तर मेमध्ये सीताबर्डीला एक गाडी हलली नसती. उन्हावर ढकललं की शोधायचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दिवशी मी तुटलेला बेल्ट मागून घेतला. पहिले दोन त्यांनी कचऱ्यात टाकले होते, तिसरा कसाबसा मिळाला होता. घरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. दोन्हीची इंजिनाकडची कड कातरल्यासारखी, दोऱ्यांचे धागे निरांजनाच्या वातीसारखे बाहेर लोंबत होते, आणि त्याच बाजूची सहावी धार सोलून निघालेली. दुसरी कड नव्यासारखी. दोन वेगळ्या कंपन्यांचे बेल्ट, दोन वेगळ्या गॅरेजांत बसवलेले, आणि मरण एकच! माझ्या कामात तीच रक्कम दर तिमाहीला जुळत नसेल तर मी ती खोडून नवी लिहीत नाही. मी मागे जाते, पावती काढते. इथे पावती हातात होती आणि कोणी तिच्याकडे पाहिलंच नाही.

रविवारी पोर्चमध्ये भावाने जॅक लावला, उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं. नवा बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवली. टेन्शनर ठीक, आयडलर म्हणजे बेल्टला नुसती वाट देणारी पुली, तीही ठीक. राहिली खाली क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, मोठी पुली. ही पुली म्हणजे एक सबंध लोखंड नसतं. आत एक भाग, बाहेर एक कडं, मध्ये रबराचा थर. इंजिनाचे धक्के त्या रबराने सोसायचे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे गाडी नुसती उभी, मिनिटाला 800 फेरे, तरी सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. त्यात माझी गाडी डिझेल, धक्के अजूनच दांडगे. मी मुलीच्या दप्तरातलं व्हाइटनर घेतलं आणि आतल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. सगळं परत बसवून हिंगण्यापर्यंत चक्कर मारून आलो, पुन्हा चाक काढलं.

रेघ तुटली होती. आतली अर्धी जागच्या जागी, बाहेरची अर्धी चार बोटं सरकलेली.

रबर सुटलं होतं. बाहेरचं कडं आतल्या भागावर घसरत होतं, आणि इंजिन चालू करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं तर सायकलचं वाकडं चाक डोलतं तसं डोलत होतं. मग बेल्ट रोज त्याच बाजूला ओढला जाणार आणि त्याच कडेला खाल्ला जाणार, दुसरं काय होणार! रबर का सुटलं, तेही तिथेच दिसत होतं. पुलीच्या मागचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाचं तेल अडवणारी कडी, पाझरत होतं, तेलाने रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. हे तेल चारही वेळा लोकांनी पाहिलं असणार, कारण चारही वेळा ते पुसलेलं होतं. पुसायला वेळ होता, विचारायला नव्हता.

नवी पुली आणि सील मिळून साडेपाच हजार. त्याआधी बेल्ट, मजुरी, टोइंग आणि डायनामोचं बेअरिंग यांवर साडेसतरा हजार गेले होते. आणि तुटलेल्या बेल्टचे धागे क्रँक पुलीच्या मागे ओढले जाऊन टायमिंग बेल्टपर्यंत, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या बेल्टपर्यंत, पोहोचले तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन खोलावं लागू शकतं. चार वेळा ती पाळी आमच्यावर येऊ शकली असती.

आता 2,800 किलोमीटर झाले, आवाज नाही. दोन्ही बेल्ट आणि ती सुटलेली पुली डिकीत आहे, बिलं फाइलला लावली आहेत, व्हाइटनरच्या रेघेचा फोटो मोबाइलमध्ये आहे. शनिवारी सुट्टी आहे. दोन्ही गॅरेजांच्या काउंटरवर हे सगळं मांडणार आणि मजुरीचे पैसे परत मागणार. साहेब येणार नाहीत, मीच जाणार आहे.