ओटीपी ही तुमची सही आहे, खोका हातात घेऊन बघितल्याशिवाय देऊ नका

"सर, ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवून जातो."

महागडा फोन किंवा लॅपटॉप घरपोच मागवणाऱ्याचं निम्मं नुकसान या एका वाक्यात होतं. तुम्ही ऑफिसमध्ये असता, तो उन्हात गेटवर उभा असतो, आवाजही अगदी अजिजीचा असतो, आणि आपण चार अंक सांगून मोकळे होतो. त्या क्षणी कंपनीच्या सिस्टिममध्ये नोंद पडते: माल ग्राहकाला मिळाला, ओटीपी जुळला. रात्री घरी येऊन खोका उघडला आणि आत भांडी घासायच्या साबणाच्या वड्या निघाल्या, तर तक्रारीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तुम्हीच ओटीपी दिलाय." पूर्वी कुरिअरवाल्याच्या वहीत सही करायचो, तेव्हा निदान खोका हातात घेऊन करायचो. ओटीपी ही तीच सही आहे. फोनवरून ती द्यायची नाही, कुणालाही नाही, कितीही घाई असली तरी नाही.

माझा राग पार्सल आणणाऱ्या पोरावर नाही, हे आधीच सांगतो. बहुतेक ठिकाणी त्याला पार्सलमागे पैसे मिळतात, पेट्रोल स्वतःचं, आणि दिवसभराची पार्सलं संध्याकाळपर्यंत 'बंद' करायची सक्ती वरून असते. तुमच्या दारात दहा मिनिटं उघडून दाखवण्यात गेली की त्याची पुढची दोन-तीन पार्सलं राहतात. म्हणून तो टाळाटाळ करतो. जेवढी घाई त्याला, तेवढाच फायदा आधी कुठेतरी खोक्यात हात घालणाऱ्याला. माल गोदामातून निघतो, मोठ्या हबमध्ये उतरतो, गोणीत भरून ट्रकने पुढच्या हबला जातो, तिथून तुमच्या भागातल्या छोट्या हबला आणि मग पोराच्या पाठीवरच्या पिशवीत. एवढ्या हातांमधून जाताना नक्की कुठे अदलाबदल झाली हे शोधायची कंपनीला गरजच उरत नाही, कारण शेवटी ओटीपी तुमचा असतो.

अदलाबदल ओळखायची तर खोक्याची वरची बाजू बघत बसू नका. वरच्या बाजूला पत्त्याचं लेबल असतं, सगळ्यांची नजर तिथेच जाते. खोका उलटा करा. तळाच्या जोडावर चिकटपट्टी कशी आहे ते बघा. पॅकिंग करणाऱ्याने एकदाच, सरळ, एका दमात लावलेली पट्टी कळते. छापील नावाच्या पट्टीवर साधी खाकी किंवा पारदर्शक पट्टी चढवलेली असेल, पट्टीच्या कडेला पुठ्ठ्याचा वरचा कागद सोललेला असेल, कोपऱ्यात ब्लेडची बारीक सरळ चीर असेल, तर खोका आधी उघडला गेलाय. प्लॅस्टिकच्या सुरक्षा पिशवीत माल असेल तर तिचा तोंडाचा सील बघा. तो ओढला की पट्टीवर अक्षरं उमटतात आणि पुन्हा चिकटवली तरी जात नाहीत. पिशवीच्या बाजूच्या शिवणीवरही बोट फिरवा, कारण उघडणारा सील सोडून तिथूनच उघडतो.

वजनावर मात्र फार विसंबू नका. कुरिअरचा दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतो. फोनचा भरलेला डबा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि साबणाच्या वड्या टाकल्या तरी तेवढंच. लेबलवर दोन्हीला ०.५ किलोच छापलेलं असतं. मोठ्या हबमध्ये मात्र सरकत्या पट्ट्यावरून जाताना वजन आणि मापं मशीन घेतं, कारण त्यावर बिल ठरतं. तक्रार करताना "या पार्सलच्या प्रत्येक हबमधल्या वजनाच्या नोंदी द्या" ही मागणी लेखी करा. दोन हबमधल्या वजनात ठळक फरक असला तर तो तुमच्या बाजूने बोलतो.

फोन असेल तर मागवतानाच 'ओपन बॉक्स' डिलिव्हरीचा पर्याय आहे का ते बघा. असेल तर खोका त्यानेच, तुमच्यासमोर उघडायचा असतो. कंपनीचा आतला डबा हातात आला की डब्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही बघा, आणि शेवटचे चार अंक जुळले म्हणून थांबू नका, सगळे पंधरा वाचा. फोन चालू करून *#०६# दाबलं की तेच क्रमांक पडद्यावर यायला हवेत. डबा खरा आणि आत फोन दुसराच, हाही प्रकार होतो. संशय असेल तर इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला एसएमएस करा, फोन कुठल्या कंपनीचा आणि कुठलं मॉडेल ते कळतं. एवढं झालं की मग ओटीपी.

ओपन बॉक्स नसेल तर व्हिडिओ हाच पुरावा, आणि तो बहुतेक जण चुकीचा काढतात. कापायला सुरुवात झाल्यावर कॅमेरा चालू करतात, किंवा मध्येच थांबवून पुन्हा सुरू करतात. मग समोरचा म्हणतो, मधल्या वेळात काय केलं कुणास ठाऊक. व्हिडिओ बंद खोक्यापासून सुरू करा. सहाही बाजू दाखवा, लेबलवरचा पार्सल क्रमांक वाचता येईल इतका जवळ न्या, चिकटपट्टी दाखवा, आणि मग दुसऱ्या माणसाला कापायला सांगा. घरात एकटे असाल तर फोन डब्याला टेकवून ठेवा, पण खोका चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. आतली वस्तू, तिचा क्रमांक, रिकामा खोका, सगळं एकाच सलग चित्रणात. पुठ्ठा, पट्टी, लेबल काहीही फेकू नका. माल परत न्यायला येणारा माणूस तेच मागतो.

टीव्हीचं दुखणं वेगळं. तिथे चोरी क्वचित, मोडतोड जास्त. पॅनेलची काच पातळ असते, म्हणून खोका कायम उभा न्यायचा असतो, बाणाचं टोक वर. टेम्पोत जागा नाही म्हणून तो आडवा टाकतात, वर दोन मिक्सरचे खोके ठेवतात, आणि खड्ड्यात काच मध्यभागी वाकते. बाहेरचा पुठ्ठा धड असतो, आतली काच गेलेली असते. वर सांगतात, खोका उघडू नका, कंपनीचा माणूस येऊन बसवून देईल. तो येतो चार-पाच दिवसांनी, सणात आठवडाही लागतो, आणि परतीची मुदत बरेचदा ७ किंवा १० दिवसांचीच असते. काच फुटणं वॉरंटीत बसत नाही. म्हणजे या चार दिवसांची किंमत पूर्ण टीव्हीएवढी आहे. बसवणाऱ्याची वेळ डिलिव्हरीच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीची घ्या, आणि मिळत नसेल तर "माल आला, पण तुमच्या सूचनेनुसार उघडलेला नाही, बसवणारा अमुक तारखेला येतोय" असं ॲपवर त्याच दिवशी लिहून ठेवा. खोका घेताना कोपरे चेपलेत का, मध्ये भोक आहे का ते बघा. टीव्ही बाहेर निघाला की चालू करण्याआधी टॉर्च तिरका मारून काच बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसते. चालू केल्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या उभ्या रंगीत रेघा दिसल्या, तर ती फुटच. फ्रिज आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच प्लग लावा, काँप्रेसरचं तेल खाली बसायला वेळ लागतो.

खोटी नोंद हा तिसरा त्रास. दिवसभर घरी बसलेलो असतो आणि संध्याकाळी मेसेज येतो: 'ग्राहक उपलब्ध नाही.' साधारण तीन प्रयत्नांनंतर माल परत पाठवतात, म्हणून ही नोंद पहिल्याच वेळी खोडा. त्या दिवसाच्या कॉलयादीचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट काढा आणि "माझ्या क्रमांकावर कॉल आलेला नाही, तुमच्या प्रणालीतली नोंद दाखवा" असं लिहा. पोराचे कॉल बहुतेक वेळा कंपनीच्याच क्रमांकावरून फिरून येतात, त्यामुळे खरी नोंद त्यांच्याकडेच असते. आणि पत्ता नक्की करायचाय म्हणून कुणी *४०१* लावून पुढे एखादा क्रमांक डायल करायला सांगितलं, तर तो कुरिअरवाला नाही. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात, आणि मागून कॉलवर येणारा बँकेचा ओटीपीही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तक्रार कुणाकडे, यात लोक सगळ्यात जास्त फिरतात. विक्रेता सांगतो कुरिअरला विचारा, कुरिअर सांगतो विक्रेत्याला. तुम्ही पैसे कुरिअरला दिलेले नाहीत. माल तुमच्यापर्यंत नीट पोचवणं विक्रेत्याचं काम आहे, कुरिअर त्याने नेमलाय, त्यांचं त्यांनी आपसात बघावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तक्रारीत तारीख, पार्सल क्रमांक, काय मागवलं, काय आलं, आणि पैसे परत हवेत की दुसरी वस्तू, एवढंच लिहा. संताप चॅटमध्ये लिहू नका, मुद्दे त्यात बुडतात. पुढची पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

एक मात्र वेगळं आहे. स्वतः कुरिअर बुक करून काही पाठवत असाल, दुरुस्तीचा लॅपटॉप किंवा मुलाला पुण्याला कॅमेरा, तर करार थेट तुमचा आहे. किंमत पावतीवर लिहूनच घ्या आणि विमा घ्या. रस्त्याने माल नेण्याच्या २००७ च्या कायद्यात कुरिअरही येतो, आणि किंमत जाहीर केलेली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. दीडशे रुपये भाड्यावर दीड हजार. पावतीवरच्या बारीक अक्षरांतली मर्यादाही हलकी समजू नका. सही केलेली अशी अट सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल खटल्यात ग्राह्य धरली होती. दाव्याआधी लेखी नोटीस लागते, ती १८० दिवसांत. हे दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, माल हरवल्याचं कळलं तेव्हापासून नाही. "तपास चालू आहे" ऐकण्यात चार महिने सहज जातात, म्हणून महिनाभरात उत्तर आलं नाही की स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोचपावती बुकिंगच्या पावतीला टाचून ठेवा.