‘शॅल’ म्हणजे सक्ती आणि ‘मे’ म्हणजे मर्जी? कलम पुढे वाचा

भाडेकरार असो, भागीदारीपत्र असो नाहीतर एखादा कायदा, इंग्रजी मसुदा हातात आला की बरेच जण दोन शब्दांवर बोट ठेवून वाचतात. ‘शॅल’ दिसलं की करावंच लागणार, ‘मे’ दिसलं की वाटलं तर करायचं. सुरुवातीला हे सूत्र वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर सही करू नये. ‘शॅल’ लिहिलेलं असूनही सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलंय आणि ‘मे’ लिहिलेलं असूनही सक्ती आहे, असंही म्हटलंय. माझं मत सरळ आहे: शब्दाकडे एकदा बघावं, आणि ‘नाही केलं तर काय?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच कलमात आहे का, हे दोनदा बघावं.

शाळेतला नियम आधी बाजूला ठेवू. ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’, हा नियम इंग्रज व्याकरणकार जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये मांडला आणि आपल्या शालेय व्याकरणांत तो अजून तग धरून आहे. कायद्याच्या भाषेत त्याचा उपयोग शून्य.

कायद्यातलं ‘शॅल’ एकाच जातीचं नसतं. संविधानाचं कलम ५२ घ्या: ‘देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया’. मराठीत ‘भारताचा एक राष्ट्रपती असेल’. इथे कुणालाच काही करायला सांगितलेलं नाही, एक पद निर्माण केलंय. करारात ‘धिस अ‍ॅग्रीमेंट शॅल कमेन्स ऑन...’ असं असतं, त्याचीही हीच गत, कारण करार काही स्वतः उठून सुरू होत नाही. ‘शॅल बी एन्टायटल्ड टू’ हे तर चक्क हक्काचं वाक्य, म्हणजे वेष ‘शॅल’चा आणि काम ‘मे’चं. ‘इट शॅल बी लॉफुल’ हा जुन्या इंग्रजी कायद्यांचा लाडका वाक्प्रयोग. हे शब्द फक्त अधिकार देतात, कर्तव्य लादायचं असेल तर ते बाकीच्या परिस्थितीतून दिसावं लागतं, असं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च अपील न्यायालय) १८८० मध्येच ज्युलियस विरुद्ध बिशप ऑफ ऑक्सफर्ड या खटल्यात सांगून ठेवलंय.

उरलं ते खरं, कर्तव्याचं ‘शॅल’. तेही कायम कडक नसतं. संविधानाच्या कलम ३२०(३) मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत ‘शॅल’ने सांगितली आहे. मनबोधन लाल श्रीवास्तव प्रकरणात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद निदेशक ठरवली. म्हणजे पाळली जाणं अपेक्षित आहे, पण पाळली नाही म्हणून सरकारची कारवाई रद्द होत नाही. सल्ला घेतला नाही तर काय होईल, हे संविधानात कुठेच सांगितलेलं नाही, हे त्यामागचं एक कारण.

शब्द तोच, परिणाम वेगळा, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते माहिती अधिकार कायद्यात (२००५). कलम ७(१) नुसार जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा नाकारायची. प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. या ‘शॅल’ला तीन दात आहेत. मुदत उलटली की माहिती नाकारली असंच धरलं जातं, त्यामुळे अपिलाचा रस्ता लगेच मोकळा होतो. नंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. आणि वाजवी कारण नसताना उशीर झाला असेल तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, तोही त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः.

आता त्याच कायद्याचं कलम १९(६) बघा. पहिलं अपील ३० दिवसांत निकाली काढायचं, कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत. इथेही ‘शॅल’च आहे. पण कलम २० मधला दंड माहिती अधिकाऱ्यासाठी आहे, अपिलीय अधिकाऱ्यासाठी नाही. म्हणून पहिलं अपील महिनोन्‌महिने पडून राहतं आणि अर्जदार ‘कायद्यात शॅल लिहिलंय’ म्हणत स्मरणपत्रं पाठवत बसतो. त्या स्मरणपत्रांनी काही हलत नाही. ४५ दिवस मोजायचे आणि माहिती आयोगाकडे दुसरं अपील टाकायचं. त्याला ९० दिवसांची मुदत आहे, आणि निर्णय ज्या तारखेला व्हायला हवा होता तिथून ती चालू होते. स्मरणपत्रांच्या नादात ही मुदत हातची जाते, आणि मग विलंब माफ करा म्हणून कारणं देत बसावं लागतं.

दिवाणी दाव्यातल्या कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, गोष्ट याहून बोलकी आहे. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, न्यायालयाने वाढवून दिले तर जास्तीत जास्त ९० दिवसांत लेखी कैफियत द्यायची, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ मध्ये ‘शॅल’ वापरून लिहिलेलं आहे. नकारार्थी शब्दसुद्धा आहेत: ९० दिवसांनंतरची नको. तरीही कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात (२००५) ही मुदत निदेशक ठरली. सबळ कारण असेल तर न्यायालय नंतरही कैफियत घेऊ शकतं. मग व्यापारी न्यायालयांचा कायदा आला (२०१५). त्याने व्यापारी दाव्यांसाठी मुदत १२० दिवसांची केली आणि सोबत एक वाक्य जोडलं: त्यानंतर प्रतिवादीचा कैफियत देण्याचा हक्क संपेल आणि न्यायालय ती दप्तरी घेणार नाही. बस. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, १२१ व्या दिवशी दार बंद. ‘शॅल’ आधीही होतं आणि नंतरही. दाराला कडी लावली ती जोडलेल्या वाक्याने.

या दोन शब्दांचा अर्थ कायद्याने स्वतःच सांगून टाकलाय अशी एक जागा आहे, पुराव्याचा कायदा. १८७२ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये या व्याख्या होत्या, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २ मध्ये आहेत. ‘मे प्रिझ्यूम’ म्हणजे न्यायालयाला ती गोष्ट गृहीत धरता येईल किंवा पुरावा मागता येईल, मर्जी न्यायालयाची. ‘शॅल प्रिझ्यूम’ म्हणजे समोरचा ती खोटी ठरवेपर्यंत खरी धरावीच लागेल. (तिसरा प्रकार ‘कन्क्लूझिव्ह प्रूफ’. तिथे विरुद्ध पुरावाच चालत नाही. त्याचा विषय वेगळा.)

व्यवहारात हा फरक फार महागात पडतो. चोरीनंतर थोड्याच वेळात माल एखाद्याकडे सापडला आणि तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नाही, तर तो चोर आहे किंवा त्याने चोरीचा माल जाणूनबुजून घेतला, असं न्यायालय धरू शकतं. हे झालं ‘मे’. धनादेशाचं मात्र तसं नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३९ मध्ये ‘शॅल’ आहे: धनादेश ज्याच्या हातात आहे त्याला तो देणं फेडण्यासाठीच मिळाला असं धरावंच लागतं. सही आपलीच आहे हे मान्य केलं की ओझं सही करणाऱ्यावर आलं. मुळात कायदेशीर देणं होतं, हेही या गृहीतकात येतं, हे रंगप्पा विरुद्ध मोहन प्रकरणात (२०१०) स्पष्ट झालं. ‘कोरा चेक तारण म्हणून दिला होता’ एवढं नुसतं म्हणून ते गृहीतक पुसलं जात नाही. संशयापलीकडे सिद्ध करण्याची गरज नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं तरी पुरतं, पण त्यासाठी काहीतरी समोर ठेवावं लागतं: हिशेबाची वही, मेसेज, समोरच्याच्या उलटतपासणीतली विसंगती. हे ‘शॅल’ घेणेकऱ्याच्या बाजूचं असलं तरी त्यालाही तारखा सांभाळाव्या लागतात. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, ते संपले की एका महिन्यात फिर्याद.

आता ‘मे’. अधिकाऱ्याला दिलेलं ‘मे’ कधी कर्तव्य होतं, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेश विरुद्ध जोगेंद्र सिंह (१९६३). तिथल्या शिस्तभंगाच्या नियमांतल्या नियम ४ च्या पहिल्या पोटनियमाने राज्यपालांना शिस्तभंगाची प्रकरणं न्यायाधिकरणाकडे पाठवण्याचा ऐच्छिक अधिकार दिला होता. दुसरा पोटनियम म्हणे, राजपत्रित कर्मचाऱ्याने स्वतः विनंती केली तर राज्यपाल ‘मे’ प्रकरण पाठवतील. न्यायालयाने विचारलं, दुसरंही ऐच्छिकच असेल तर तो लिहिलाच कशाला? पहिल्यात सगळं आलंच होतं. म्हणून दुसऱ्यातलं ‘मे’ म्हणजे पाठवावंच लागेल. शब्दकोश न उघडता, शेजारचं कलम वाचून लावलेला अर्थ आहे हा.

पण ही सवलत खासगी करारात मिळेल या आशेवर राहू नका. अधिकाऱ्याचा अधिकार जनतेसाठी असतो म्हणून न्यायालय ‘मे’ ताणतं. तुमच्या घरमालकाचं ‘मे’ कुणी ताणणार नाही. ‘द लायसन्स मे बी रिन्यूड बाय म्युच्युअल कन्सेन्ट’ या वाक्याने नूतनीकरणाचा कोणताही हक्क मिळत नाही. ते वाक्य नसतं तरी दोघांच्या संमतीने नवा करार झालाच असता. आणि त्याच्या भरवशावर मुदतीनंतर जागा धरून बसलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार राहत्या जागेसाठी परवाना शुल्काच्या (लिव्ह अँड लायसन्स करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. नूतनीकरण हवंच असेल तर किती महिन्यांचं, कोणत्या दराने, किती दिवस आधी कळवायचं आणि कळवलं की मालकाला नाही म्हणता येणार नाही, हे लिहून घ्यावं.

याच कायद्याचं कलम ५५ तर दोन्ही शब्दांचा धडाच आहे. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत ‘शॅल’. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. आणि मालकाने हे मोडलं तर शिक्षा ‘शॅल’, पण कैद तीन महिन्यांपर्यंत ‘मे एक्स्टेंड’, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोष सिद्ध झाला की शिक्षा चुकत नाही, किती ते न्यायालयाच्या हातात. एकाच वाक्यात दोघे आपापलं काम नेटकं करतात.

भागीदारीपत्रात सगळ्यात जास्त घात होतो तो लवादाच्या कलमात. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर (२००७) मधल्या कलमात ‘शॅल’ दोनदा होतं: वाद भागीदारांनी आपसात मिटवायचा किंवा लवादाकडे पाठवायचा, ‘इफ द पार्टीज सो डिटर्मिन’, म्हणजे पक्षांनी तसं ठरवलं तर. या शेवटच्या पाच इंग्रजी शब्दांनी दोन्ही ‘शॅल’ खाल्ले. पुन्हा संमती लागणार असेल तर हा लवादाचा करारच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. तयार नमुन्यातून कलम उचलणाऱ्यांनी हे शेपूट आधी शोधावं.

स्वतःचा मसुदा तपासायची माझ्या मते सगळ्यात कामाची रीत अशी. प्रत्येक ‘शॅल’च्या जागी ‘हॅज अ ड्यूटी टू’ (‘...चं कर्तव्य आहे’) ठेवून वाचा. वाक्य विचित्र वाटलं तर ते कर्तव्य नाही, तिथून ‘शॅल’ काढून साधा वर्तमानकाळ वापरा. वाक्य नीट बसलं तर पुढे तीन गोष्टी शोधा: कर्ता कोण, मुदत किती, चुकलं तर काय. ‘द डिपॉझिट शॅल बी रिफंडेड’ या वाक्यात तिन्ही गायब आहेत. त्याऐवजी लिहा: जागेचा ताबा परत मिळाल्यापासून ७ दिवसांत परवाना देणाऱ्याने ठरलेल्या वजावटी करून अनामत परत करणं बंधनकारक राहील, उशीर झाल्यास शिल्लक रकमेवर ठरलेल्या दराने व्याज द्यावं लागेल. दर अवाच्या सवा टाकू नका. करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी तेवढंच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. मराठी मसुद्यात नुसतं ‘देईल’ लिहिलं तर ते भविष्यकथन वाटतं, म्हणून ‘देणं बंधनकारक राहील’ बरं.

आणि ‘मे नॉट’ हे जोडपं मसुद्यात ठेवूच नये. ‘द लायसेन्सी मे नॉट सबलेट’ म्हणजे पोटभाडेकरू ठेवायला मनाई, की तो कदाचित ठेवणार नाही? मनाई असेल तर ‘शॅल नॉट’ लिहा. शक्यता सांगायची असेल तर ‘माइट नॉट’ लिहा, किंवा ते वाक्यच काढून टाका.