पोट बांधलं नाही म्हणून सुटलं?

बाळंतिणींच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाळंत झाल्यावर पोटात पोकळी राहते आणि तिच्यात वारा भरतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सव्वा महिना पोट करकचून बांधावं. पट्टा बांधला की फाटलेले स्नायू आपोआप जुळतात. सिझेरियनमध्ये स्नायूच कापतात, त्यामुळे त्या बायकांचं पोट कधी आत जात नाही. पोट दिसायला लागलं की रोज सिट-अप्स काढाव्यात. आणि सहा महिन्यांत जुळलं नाही तर ऑपरेशनशिवाय मार्ग नाही. शेवटी ठसका म्हणून, 'आमच्या आजीची दहा बाळंतपणं झाली, तरी पोट सपाट.'

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मजकूर पेशंटच मला फोनवर उघडून दाखवतात, आणि सोबत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: 'मीच नीट बांधलं नाही हो.' मला राग येतो तो या वाक्याचा.

आधी 'फाटलेले स्नायू' बघू. पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून खाली जांघांमधल्या हाडापर्यंत, दोन उभे स्नायू शेजारी-शेजारी असतात. त्यांना जोडणारी चिवट पांढरी पट्टी म्हणजे लिनिया आल्बा. गर्भ वाढतो तशी ही पट्टी रुंद आणि पातळ होते, स्नायू बाजूला सरकतात. यालाच डायस्टॅसिस म्हणतात. यात फाटत काहीच नाही. बाळाला जागा करून द्यायची शरीराची ती रीतच आहे. पोर्तुगालमध्ये पहिलटकरणींची सोनोग्राफीने मापं घेतली, तेव्हा 35व्या आठवड्यात एकूण एक बाईला हे अंतर होतं. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ते 39 टक्के जणींमध्ये उरलं. नॉर्वेत 300 पहिलटकरणींचा माग ठेवला होता. तिथे सहा आठवड्यांनी 60 टक्के, सहा महिन्यांनी 45 टक्के आणि वर्षाने सुमारे 33 टक्के. दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसतात, कारण मोजायची पद्धत आणि 'अंतर' कशाला म्हणायचं याची रेघ वेगळी. पण दिशा एकच, की बऱ्याच जणींचं ते महिनोन्‌महिने हळूहळू आपणहून कमी होत जातं. सव्वा महिन्याला निकाल लागत नाही. (नॉर्वेच्या त्याच अभ्यासात वर्षभराने अंतर असलेल्या बायकांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत नव्हती, हेही जाता जाता.)

वाऱ्याचं लवकर आटपतं. गर्भाशय आकसत दोनेक आठवड्यांत ओटीपोटात खाली उतरतं आणि सहा आठवड्यांत जवळपास मूळ आकाराला येतं. मोकळ्या झालेल्या जागेत आतडी लगेच पसरतात, पोकळी उरतच नाही. गॅस होतो तो आतड्यांच्या आत, तिथे बाहेरचा पट्टा काय अडवणार? सिझेरियननंतर पहिले एक-दोन दिवस आतडी सुस्तावतात आणि पोट खरंच फुगतं. तेव्हा नर्स बाळंतिणीला उठवून चालायला लावते, ते त्यासाठीही.

आता पट्टा. बांधूच नका असं मी म्हणत नाही. जुन्या सुती लुगड्याचा मऊ पट्टा बांधला की सैल पडलेल्या पोटाला आधार वाटतो, खोकताना-शिंकताना टाक्यांवर ताण कमी जाणवतो. सिझेरियननंतर पट्टा वापरल्याने दुखणं कमी होतं असं काही चाचण्यांमध्ये दिसलंही आहे. पण आराम वेगळा आणि जुळणं वेगळं. हाताला प्लास्टर घातलं की हाड जुळतं, पण महिन्याभराने प्लास्टर काढल्यावर दंड बारीक झालेला असतो. पोटाच्या स्नायूंचं कामही दिवसभर पट्ट्यानेच केलं तर ते बळकट कशाने व्हायचे? शिवाय 'करकचून' हा शब्द मला खटकतो. वरून आवळलं की दाब खाली जातो, आणि खाली पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी-संडास धरून ठेवणारे स्नायू प्रसूतीने आधीच थकलेले असतात. खोकताना लघवीचा थेंब सुटत असेल तर पट्टा आणखी आवळणं हा उपाय नव्हे. श्वास पोटापर्यंत मोकळा जायला हवा, जेवताना आणि झोपताना पट्टा काढायला हवा, टाके कोरडे राहायला हवेत. एवढं सांभाळून बांधा, आणि नकोसा झाला की सोडा. सोडल्याने पोट सुटत नाही.

सिझेरियनबद्दलचं विधान सरळ चूक आहे. नेहमीच्या आडव्या छेदात त्वचा, चरबी आणि स्नायूंवरचं आवरण कापतात. ते दोन उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. आणि अंतर तर गरोदरपणातच पडलेलं असतं, बाळ कुठूनही येवो.

सिट-अप्सवर मात्र दोन टोकांचे मेसेज आहेत. एक म्हणतो रोज काढा, दुसरा म्हणतो जन्मात काढू नका. नॉर्वेतच 70 बायकांवर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 आठवडे डोकं-खांदे उचलायचे व्यायाम दिले होते. त्याने अंतर वाढलं नाही. कमीही झालं नाही. म्हणजे भीती बिनबुडाची, आणि 'सिट-अप्सने पोट जुळतं' हेही. माझ्या मते प्रश्न व्यायामाच्या नावाचा नाही, वेळेचा आणि ताकदीचा आहे. टेबलावर उताणं झोपवून, गुडघे वाकवून, मी बाईला फक्त डोकं उचलायला सांगते. बऱ्याच जणींच्या पोटावर बेंबीच्या वर उभा उंचवटा वर येतो. 'आतडी बाहेर येतायत का?' हा ठरलेला प्रश्न. नाही येत, ताणलेली पट्टी अजून सैल आहे एवढंच. मग श्वास सोडत बेंबीखालचा भाग हलका आत घ्यायला लावला की तोच उंचवटा कित्येकदा तिथल्या तिथे बसतो. मग आधी तेवढंच करायचं. श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखं आवळणं, टाच गादीवरून सरकवणं, कंबर गादीला टेकवणं. उंचवटा न येता हे जमलं की पुढची पायरी. बिछान्यातून कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. आणि बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, कारण संडासात कुंथणं कुठल्याही सिट-अपपेक्षा वाईट.

आजीचं पोट कुणी मोजलं होतं? नऊवारीच्या कासोट्यात ते दिसलं तरी असतं का? जिला सव्वा महिना कुणी पाण्याची घागर उचलू दिली नाही, तिला पट्ट्यापेक्षा विश्रांतीने हात दिला असेल. आणि ज्या पंधराव्या दिवशी शेतावर गेल्या, त्यांच्या पोटाबद्दल मेसेज गप्प आहे.

राहिलं ऑपरेशन. आठ आठवड्यांनंतरही त्या दोन उभ्या स्नायूंमधलं अंतर हाताला दोन बोटांहून जास्त लागत असेल तर डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवावं, घाबरून नव्हे, व्यायाम नीट आखून घेण्यासाठी. सहा महिन्यांनी दार बंद होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी सुरुवात केलेल्या बायकांचीही ताकद वाढते. काहींचं अंतर थोडं राहतं आणि तरी त्या पोरगं कडेवर घेऊन जिने चढतात, म्हणून अंतर किती बोटं यापेक्षा मधली पट्टी ताण धरते का हे मी बघते. शस्त्रक्रिया आहे, पण ती सहसा बाळंतपणाला वर्ष उलटल्यावर आणि पुढे मूल नको असं ठरल्यावर, कारण पुढचं गरोदरपण शिवलेलं पुन्हा ताणू शकतं. हर्निया ही वेगळी गोष्ट. तिथे आवरणाला खरंच छिद्र असतं. बेंबीजवळची गाठ दुखू लागली, कडक किंवा लाल झाली, झोपल्यावरही आत जाईना, सोबत उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी सर्जनकडे जायचं, पट्टा आवळून वाट बघायची नाही.