गुडघे तिरके करून

आज सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुपवर नगरच्या काकांनी फोटो टाकला. मार्टिन ल्यूथर, 1517 साली रोमच्या चर्चला आव्हान देणारा जर्मन धर्मगुरू, ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट वेगळे झाले. हातात हातोडा, चर्चच्या दारावर कागद ठोकतोय. खाली दोन गुलाब आणि ‘धर्मसुधारणा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. दोन मिनिटांत वसईच्या मामेभावाचं उत्तर: ‘कसल्या शुभेच्छा? घर फोडल्याच्या?’

झालं. दुपारी डबा उघडला तेव्हा 93 मेसेज. त्यात काकांची चार मिनिटांची व्हॉइस नोट, मागे कुकरच्या शिट्ट्या. तिकडे भावाने कुठल्या तरी इंग्रजी लेखाचे सात स्क्रीनशॉट टाकलेले. त्या ग्रुपवर माझे बाबाही आहेत, वय 79, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. सगळं वाचून बाबांनी मला फोन केला आणि एवढंच विचारलं, ‘जेवलीस का?’

डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर 94 वा मेसेज झाला असता.

आई वसईची कॅथलिक, बाबा नगरचे प्रॉटेस्टंट. लग्न 1976 चं. त्यासाठी बिशपांची परवानगी लागली होती. मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी होईल ते सगळं करीन, असं वचन आईने दिलं. बाबांकडून काही लिहून घेतलं नाही, त्यांना फक्त तसं सांगितलं गेलं. नोकरीमुळे बाबा वसईतच राहिले आणि दर रविवारी आईबरोबर मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, आले. जागा ठरलेली, शेवटून तिसरा बाक, अगदी कडेला. कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर घ्यायची, रांग सुरू झाली की बाबा बसल्या जागी गुडघे तिरके करायचे, म्हणजे आतल्यांना बाहेर पडायला वाट मिळेल. आई त्यांच्या गुडघ्यांना घासून पुढे जायची. मग आम्ही दोघी बहिणी. परत येताना पुन्हा तसंच. माझं पहिलं कम्युनियन झालं त्या दिवशी पांढरा फ्रॉक सांभाळत मी विचारलं, ‘बाबा, तुम्ही का नाही येत?’ म्हणाले, ‘मी तुमची जागा धरून ठेवतो.’

आता सांगा, 31 ऑक्टोबरचा अर्थ मला कुणी शिकवायचा? काकांनी की भावाने?

काका, आधी तुम्ही. ‘सुधारणा’ हा शब्द वापरला की निकाल आधीच लागलेला असतो, पुढे नुसतं भाषण. तुमचा तो हातोडासुद्धा नक्की नाही. त्या दिवशी ल्यूथरने माइन्झच्या आर्चबिशपना पत्र पाठवलं हे पक्कं, दारावर कागद ठोकला की नाही यावर इतिहासकारांचं अजून जमलेलं नाही. बरं, ते सोडा. आपण ल्यूथरचे कधी होतो? नगरला आले ते अमेरिकन मिशनवाले, त्यांचं घराणं कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाकडून आलेलं. सुधारकांच्या पहिल्या पिढीतच प्रभुभोजनावरून, म्हणजे कॅथलिकांच्या कम्युनियनवरूनच, वाजलं होतं. 1529 साली मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. ल्यूथरने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ असं लिहिलं आणि त्यावरून तसूभर हलला नाही. दोघं एका पंगतीला न बसताच घरी गेले. म्हणजे दोष फक्त रोमचा, असं नाही ना?

आणि 1525 चं काय? जर्मनीतले शेतकरी उठले. आम्ही कुणाची मालमत्ता नाही, ख्रिस्ताने आम्हाला मुक्त केलंय, असं म्हणाले. तेव्हा याच ल्यूथरने सरदारांना लिहिलं, कापून काढा यांना. काका, आपले पूर्वज गावकुसाबाहेरचे. ते त्या दिवशी कुठल्या बाजूला उभे असते, हे तुमच्या गुलाबांच्या फोटोत कुठे दिसत नाही.

(तरी मान्य. त्याच मिशनच्या शाळेत आजोबा अक्षर शिकले, म्हणून आज मी हे टाइप करतेय. हे मी विसरत नाही.)

आता तू रे. ‘घर फोडलं’ म्हणतोस. घरात काय चाललं होतं ते बोल. माइन्झच्या त्याच आर्चबिशप आल्ब्रेख्टने पद मिळवायला फुगर सावकारांचं कर्ज काढलं, आणि ते फेडायला टेट्झेल नावाच्या धर्मगुरूला माफीपत्रं विकत फिरवलं. निम्मा पैसा कर्जाला, निम्मा रोमला सेंट पीटर्सच्या बांधकामाला. ‘ती पापाची माफी नव्हती, शिक्षेतली सूट होती’ हा तुझा मेसेज बरोबर आहे, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकव. पेटीत पैसे टाकणाऱ्या म्हातारीला हा फरक कुणी समजावला होता? पुढे ट्रेंटच्या परिषदेत आपल्याच लोकांनी ते फिरते वसूलदार बंद केले. म्हणजे ल्यूथर निदान तेवढं तरी खरं बोलत होता. ते बिचाऱ्याच्या तोंडावर कबूल करायला कुणाला सुचलं नाही. 1546 मध्ये तो वारला, परिषद चालली 1563 पर्यंत.

भाषेचंही तेच. ल्यूथरच्या आधी जर्मन बायबलं छापली होती, पहिलं 1466 चं, हा तुझा स्क्रीनशॉट खरा आहे. पण आपल्या आजीने निम्मं आयुष्य मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. काय चाललंय ते कळायचं नाही, म्हणून ती आपली जपमाळ ओढत बसायची. वेदीवर मराठी यायला कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद लागली, 1962 ते 65. मोजून बघ साडेचारशे वर्षं कुठे गेली.

गंमत म्हणजे या भांडणातून आपल्याला एक भेटही मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज कॅथलिक. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जगणं मुश्कील झालं होतं. तो निघाला, रोमला जेझुइट या कॅथलिक संघात दाखल झाला, 1579 मध्ये गोव्याला उतरला आणि 1616 साली त्याचं मराठी क्रिस्तपुराण छापून निघालं. त्या ओव्या काकांच्या हक्काच्या की भावाच्या? इंग्लंडात सगळं सुरळीत असतं तर तो बोटीत बसला असता का, कोण जाणे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण नगर आठवलं. मे महिन्यात आम्ही तिकडे जायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. तिथे रांग नसते, काचेच्या इवल्या पेल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात फिरतो. पाळकसाहेब आईला म्हणायचे, ‘वहिनी, घ्या की.’ आई हसायची, डावीकडून ट्रे घ्यायची आणि तस्साच, एक थेंब न हिंदकळता, उजवीकडे द्यायची. तिच्या चर्चचा नियम ती तिथेही मोडत नव्हती. तेव्हा तिच्या शेजारी बाबा तो पेला हातात धरून बराच वेळ खाली बघत बसायचे.

मोठ्या लोकांनी काही केलं नाही असं नाही. 1999 मध्ये, याच 31 ऑक्टोबरला, आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिकांनी सही केली की तारण देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नाही. ज्या मुद्द्यावर रक्त सांडलं त्यावर सही! ग्रुपवर हे कुणीच टाकलं नाही. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनला लुंडला गेले. तिथल्या संयुक्त निवेदनात एक वाक्य आहे, सबंध आयुष्य एकत्र काढणारे पण एका मेजावर येऊ न शकणारे लोक, त्यांची वेदना आम्हाला जाणवते, अशा अर्थाचं. मी ते वाचून रडले होते. आमचा शेवटून तिसरा बाकच की तो!

मग परत राग आला. वेदना जाणवते, बरं. पुढे?

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दफनाच्या मिस्साआधी मी आत जाऊन फादरना विचारलं, आज एक दिवस बाबांना कम्युनियन द्याल का? फादर वाईट नव्हते, तरुण होते, चेहरा पडला त्यांचा. म्हणाले, नियम फार कडक आहे, माझ्या हातात नाही. आशीर्वादाला येऊ देत, हात छातीवर घेऊन. नियम आहे हे मलाही माहीत आहे. एकमेळ नसताना एकमेळाची खूण घ्यायची कशी, हा मुद्दाही मला कळतो. कळतो, पचत नाही. सत्तेचाळीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसांचा एकमेळ कुठल्या काट्यावर मोजतात?

बाबा आशीर्वादालाही गेले नाहीत. समोर आईची पेटी, आणि रांग निघाली तेव्हा त्यांनी सवयीने गुडघे तिरके केले. आतून बाहेर पडणारी मी एकटीच होते. आईची जागा रिकामी, बहीण दुबईहून पोचलेली नव्हती. तरी ते पुरतं वळून बसले, चार माणसं जातील एवढी वाट ठेवून.

तेव्हा काका, आणि तू पण, तुमचा 1517 तुमच्याजवळ ठेवा. निदान बाबा ज्या ग्रुपवर आहेत तिथे नको.

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. ग्रुपचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. परवा 2 नोव्हेंबर, मृतांचा दिवस. वसईत दफनभूमीवर फुलं-मेणबत्त्यांची गर्दी असते. बाबा पर्गेटरी, म्हणजे मेल्यावर पापाची उरलेली शिक्षा भोगायची अवस्था, मानत नाहीत, मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते हे त्यांना लहानपणीच शिकवलंय. सगळं भांडण सुरू झालं ते नेमकं इथूनच. म्हणाले, ‘गेल्या वर्षीच्या मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या. या वेळी त्या जाड, काचेतल्या आण. आणि लवकर ये, तिच्या कबरीपाशी उभं राहायला जागा मिळत नाही. मी आधी जाऊन धरून ठेवतो.’