अवघड ठेवा, पण विषय

नमस्कार. “मेहनती विद्यार्थी कुठूनही आला तरी पुढे जातोच, सगळ्यांना सामावून घेत बसलात तर पातळी घसरेल,” असं तुम्ही लिहिलंत. पातळीची तुमची काळजी मला मनापासून पटते. अभ्यासक्रम पातळ केला तर सर्वांत मोठं नुकसान होतं ते ज्याला दुसरा आधार नाही त्याचं. पण सामावून घेणं म्हणजे विषय सोपा करणं, हे मला मान्य नाही.

गणित शिकवणारे युरी ट्राइसमन यांचं काम बघा. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत. प्राध्यापकांची उत्तरं ठरलेली: तयारी कच्ची, इच्छा कमी, घरून पाठिंबा नाही. ट्राइसमन यांनी या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला, तेव्हा यातलं एकही कारण टिकलं नाही. मुलं कष्ट करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत, अडलेलं उघड बोलत. मग ट्राइसमन यांनी कच्च्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढला नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं गटात सोडवायची कार्यशाळा काढली. तिथली मुलं उत्तम गुणांनी पास होऊ लागली. सांगा, यात पातळी कुठे घसरली?

मेहनतीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण ती कशावर खर्च होते? तासाबाहेर प्राध्यापकांना भेटता येतं, मुदतवाढ मागता येते, चांगल्या निबंधात नेमकं काय बघतात, हे काहींना घरातच कळलेलं असतं. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्याला ते चाचपडत शोधावं लागतं. गुण देण्याचे निकष आधी लिहून दिले, तर निबंध तेवढाच अवघड राहतो; चाचपडणं तेवढं संपतं.

शिकवण्याच्या पद्धतीचंही तेच. २०१४ साली २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितात मुलांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गाच्या तुलनेत निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. आणि २०२०च्या विश्लेषणात, असं वर्गातच काम करायला लावलं की वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांचं इतरांपासूनचं परीक्षेतल्या गुणांचं अंतर सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं दिसलं.

“हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे?” हा तुमचा शेवटचा प्रश्न मात्र रास्त आहे. दोनशे मुलांचा वर्ग, वर तासिकेवर नेमलेला शिक्षक. त्याच्याकडून हे फुकट मागणं अन्याय आहे. निकष लिहायला, गटांकडे फिरायला लागणारा वेळ विद्यापीठाने कामाच्या तासांत धरला पाहिजे आणि त्याचे पैसे दिले पाहिजेत. ही मागणी आपण दोघं मिळून करू शकतो.