दुसरी क्रुसिबल रिकामी का असते?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यासमोरच्या कट्ट्यावर परवा विनायकने विषय काढला आणि सर्वांचा चहा निवून गेला. पुण्याहून एमबीए होऊन आल्यापासून तो वडिलांच्या फौंड्रीकडे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडे, फौंड्री म्हणून पाहतच नाही, 'इन्व्हेंटरी' म्हणजे मालाचा साठा म्हणून पाहतो. गोदामातले पिग आयर्न म्हणजे कच्चे लोखंड, साच्याच्या वाळूत मिसळायच्या बेंटोनाइट मातीची पोती, कपाटातली जादा बेअरिंगे हा सगळा अडकलेला पैसा आहे, त्यावर बँकेच्या सीसीचे (कॅश क्रेडिट कर्जाचे) व्याज रोज चढते, तेव्हा माल लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच यावा, असे त्याचे म्हणणे होते; आणि ते सांगताना तो बोटाने हवेत आलेखही काढत होता.

"टोयोटा असेच करते," त्याने शेवटचा शब्द टाकला.

"त्याच टोयोटाचे पुढचे पान तुम्हाला शिकवले नाही वाटते," कट्ट्यावरचे अण्णा शांतपणे म्हणाले. "2011 च्या जपानमधल्या भूकंपात पोळल्यावर तिने पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. म्हणून 2021 च्या टंचाईत बाकीच्यांच्या लाइनी आधी थांबल्या."

"पण तिच्याही थांबल्याच की!" विनायकने पकडले, आणि ते खरे होते, कारण त्या सप्टेंबरात टोयोटालाही जगभरातले नियोजित उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी कापावे लागले होते. कट्ट्यावरच्या बापूंनीही मान डोलावली. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्याची धास्ती घेऊन त्यांनी भरून ठेवलेले, साच्याची वाळू बांधणारे रेझीन मुदत संपून वाया गेले होते, आणि ते दुःख आम्ही दर पावसाळ्यात ऐकतो.

अण्णांनी मोर्चा क्रुसिबलकडे, म्हणजे भट्टीत धातू वितळवायच्या भांड्याकडे, वळवला. "विनू, तुमच्या भट्टीच्या एका वीज पॅनेलवर क्रुसिबल किती?"

"दोन."

"वितळते किती?"

"एका वेळी एकच."

"मग दुसरी भंगारात घाल. तिच्यावरही व्याज चढतेच."

विनायक गप्प झाला. एकीचे आतले जुने लायनिंग (अस्तर) फोडून, नवे ठोकून, तापवून पक्के होईपर्यंत दुसरी हाताशी नसेल तर मोल्ड (साचे) धातूची वाट पाहत नुसते उभे राहतात, हे फौंड्रीतल्या हेल्परलाही ठाऊक असते. फक्त त्याला कोणी तसा प्रश्न विचारीत नाही.

मग अण्णांनी 1 फेब्रुवारी 1997 ची गोष्ट सांगितली. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या जपानमधील कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधले, दाब सांभाळणारे पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे तिथेच होत आणि शिल्लक होती ती काही तासांपुरती. मोटारींचे कारखाने बंद पडले, तरी साधारण आठवडाभरात गाडी रुळावर आली, कारण साठहून अधिक कंपन्यांनी ड्रॉइंग मागवून घेतली, मशीन मोकळी केली आणि ते व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्यांत शिलाई मशीनवाली ब्रदरही होती. माल कुठेच शिल्लक नव्हता. शिल्लक होते ते मशीनचे तास, हात बसलेले कारागीर आणि एका फोनवर धावून येण्याइतकी जुनी ओळख. हे तिन्ही विनायकच्या ताळेबंदात कोणत्या रकान्यात बसतात, हे मलाही त्याला विचारायचे होते.

"म्हणजे शेजाऱ्याकडचे जादा तेही आपलेच," बापूंनी सोयीचा अर्थ काढला.

"अवश्य. पुराच्या वेळी तुम्ही नेलेली बेंटोनाइटची वीस पोती मी अजून माझीच समजतो."

"तो तुमचा राखीव साठाच आहे, अण्णा, फक्त माझ्या गोदामात आहे."

"मग उद्या सकाळी टेम्पो पाठवतो."

बापूंनी घाईघाईने खिशात हात घातला आणि त्या संध्याकाळी प्रथमच सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.